वाफेचं टर्बाइन कोणी बनवलं आणि त्यात एवढं विशेष काय होतं?

आज वापरतो त्या प्रकारचं म्हणाल तर इंजिनिअर चार्ल्स पार्सन्स, 1884. जुन्या इंजिनात पिस्टन मागेपुढे व्हायचा त्यामुळे वेगाला मर्यादा यायची, पार्सन्सने वाफेचा दाब एकदम न सोडता पात्यांच्या एकामागून एक ओळींतून थोडा थोडा उतरवला आणि पहिलंच मशीन मिनिटाला 18,000 फेरे मारायला लागलं! पण मला सगळ्यात आवडतो तो 1897 चा किस्सा, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला 60 वर्षं झाली म्हणून इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ स्पिटहेडला नौदलाचा मोठा सोहळा होता, तिथे हा पठ्ठ्या आपली टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया बोट घेऊन थेट घुसला, वेग 34 नॉट्सच्या आसपास (म्हणजे ताशी साधारण 63 किमी), नौदलाच्या बोटींना ती गाठताच येईना. पुढे 1906 च्या ड्रेडनॉट युद्धनौकेत टर्बाइनच बसवलं. आपल्या कोराडी, चंद्रपूरची वीजपण वाफेच्या टर्बाइनवरच बनते.