कौलं गळतात म्हणून पत्रा घालावा का?

तुम्ही लिहिलंय की दापोलीकडचं ७० वर्षांचं कौलारू घर आहे, माजघरात दोन ठिकाणी गळतं, आणि कारागिराने अंगणातूनच टेप लावून ‘सगळं काढा, पत्रा घाला’ असं सांगत चौरस फुटाचा दर दिला. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. माळ्यावर न चढता दर सांगणारा माणूस गळती बघायला आलेलाच नव्हता.

मंगलोरी कौल सहसा स्वतः गळत नाही. गळतात ते सांधे. एखादी रीप, म्हणजे कौलं जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी, कुजून अर्धा इंच खाली बसली की तिच्यावरची ओळ वाकते, वरच्या कौलाखाली फट पडते आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. आढ्यावरचे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे, कोने (तिथली वळणदार कौलं) सिमेंटने गच्च भरले असतील तर त्याला केसाएवढी चीर पडते आणि ती पाणी ओढून घेते. उतार कमी असेल, म्हणजे फुटाला सहा इंचांपेक्षा कमी, तर वाऱ्याच्या जोराने वळचणीचं, म्हणजे छपराच्या खालच्या कडेचं, पाणी खरोखरच आढ्याकडे चढतं. कोकणात तीस अंशांच्या आसपास उतार हवाच.

थेंब पडतो तिथे भोक शोधू नका. पाणी वाशावरून घसरत चार-पाच फूट खाली येऊन टपकतं. दुपारी माळ्यावर दिवा न लावता बसा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने खूण करा. मग एकाला पाइप घेऊन वर पाठवा. पाणी वळचणीकडून सुरू करून वर वर न्यायचं, एका टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं. आधीच आढ्यावर ओतलंत तर सगळंच भिजेल आणि काही कळणार नाही. रिपांना आणि वाशांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पाव इंच सहज घुसला तर ते लाकूड गेलं.

हे मी एवढ्या तावाने लिहितोय त्याला कारण आमच्या घराचं छप्पर आहे. वाटणीत घर मधोमध तोडलं गेलं. समुद्राकडचा अर्धा भाग चुलतभावाचा, मागचा आमचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर त्याने आपल्या भागावर पत्रा घातला. ठेकेदाराने ०.५० मिमी सांगितला होता. मी तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरला तर रंगासकट ०.३८ भरला. स्क्रू पन्हळीच्या तळात, जिथून पाणी वाहतं तिथेच मारलेले. काही इतके आवळलेले की रबरी वायसर बाहेर फुगून चिरला होता. पत्रे ग्राइंडरने जागेवरच कापले, कीस वर तसाच राहिला, आणि श्रावणात गंजाचे ठिपके उठले.

पण खरी खोडी जोडाची. त्याचा पत्रा आणि आमची कौलं यांच्यामधली फट सिमेंटने भरली. वीस फुटी पत्रा ४० अंशांनी तापला की सुमारे ३ मिमी लांब होतो, रात्री परत आखडतो. सिमेंट पहिल्या पावसाआधीच सुटलं. पाणी आमच्या वाशावर. तेव्हापासून दरवर्षी गणपतीत तो सगळ्यांसमोर म्हणतो, ‘बघा, यांची कौलं गळतात.’ शेवटी मी जोडालगतच्या कौलांच्या दोन उभ्या ओळी उतरवल्या आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत दहा इंच रुंद पत्र्याची पन्हळ टाकली, दोन्ही कडा इंचभर वर वळवून. कौलं आणि पत्रा दोन्ही तिच्यावर तीन-तीन इंच आले. मधे पाणी वाहायला जागा. सिमेंट शून्य. त्यानंतर थेंब नाही. हे त्याने अजून मान्य केलेलं नाही.

माणूस निवडताना दर कामवार मागा: कौलं उतरवणं, रिपा बदलणं (धावत्या फुटाने), वासे (नगाने), कोने, पन्हळ, नवी कौलं. आणि मोजमाप पाखीचं, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचं धरा, खालच्या जोत्याचं नव्हे. तीस अंशांवर १००० चौरस फुटांच्या जोत्याला ११५५ चौरस फूट पाखी येते; वळचणीचा पुढे आलेला भाग वेगळा. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर १६०० च्या आसपास लागतील, फुटतुटीला शंभर वर. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं छप्पर बघा, गेल्या महिन्यातलं नको. काम फेब्रुवारी-मार्चात द्या. मे महिन्यात सगळा गाव शाकारणीला लागलेला असतो, मिळेल तो माणूस येतो.

बाकी, पत्रा कधीच नको असं नाही. वासे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाळवीने खाल्ले असतील, घर वर्षभर बंद राहत असेल, किंवा वानरांची टोळी रोज छपरावर नाचत असेल, तर कौलांचा हट्ट धरू नका. मग ०.५० चा पत्रा घ्या, आणि ही जाडी नुसत्या पोलादाची की रंगासकट, ते बिलावर लिहून घ्या. बाजूचा जोड पावसाळी वाऱ्याकडे उघडा नको, म्हणजे लावायची सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून. पत्र्यावर कौलं चढवायची असतील तर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या रिपा. आडव्या थेट पत्र्यावर ठोकल्या तर आत शिरलेलं पाणी प्रत्येक रिपेशी अडून साचतं.

खर्चाचा आकडा मी देणार नाही. वाहतूक आणि मजुरी गावागणिक बदलते. उतरवलेली कौलं मात्र कारागिराला फुकट नेऊ देऊ नका. वाजवून बघा, खणखणीत वाजतील ती ठेवा, बद्द वाजतील ती टाका. पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. जुने कितीतरी कारखाने बंद झालेत, आणि दुसऱ्या साच्याचं कौल तुमच्या कौलाच्या खाचेत बसत नाही.