मुलीच्या लग्नाआधी चेहरा उजळायचाय. बेळगावात स्किनचा खरा डॉक्टर कसा ओळखायचा?

तुमचं म्हणणं असं, की मुलीचं लग्न ठरलंय, गालांवर वांग आहेत, बेळगावात ‘स्किन क्लिनिक’च्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात, त्यातल्या कुणाकडे जावं आणि महिनाभरात रंग उजळेल का. रंगाचं आधी उरकतो. नाही उजळणार. उजळवून देतो म्हणणाऱ्याची पायरीही चढू नका.

डॉक्टरचं मात्र जरा लांबण लावून सांगतो, कारण माझी लेक स्किनची डॉक्टर आहे आणि या विषयावरून आमच्या घरात भरपूर वाजलंय.

इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, वर एमडीची तीन. स्किनच्या जागा हल्ली वरच्या नंबरातली पोरंच उचलतात. तरी आमचे थोरले बंधू प्रत्येक लग्नकार्यात, चारचौघांत म्हणायचे, “एवढं शिकून पोरगी लोकांच्या तोंडाला क्रीम फासत बसणार काय? हार्टचं तरी करायचं होतं.” त्या एमडीत त्वचेबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही येतो, हे त्यांना कोण सांगणार. फिकट चट्टा घेऊन कुणी आला की लेक त्याला डोळे मिटायला लावते, चट्ट्यावर कापसाचं टोक फिरवून “कुठं लागलं?” विचारते, मग कोपराच्या मागची नस बोटानं चाचपते. हे कुठल्या पार्लरात करतात?

आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात. तिथं पावसाची झड लागली की धुतलेलं लुगडं चार-चार दिवस ओलसर राहतं. अशाच एका पावसाळ्यात वहिनींना परकराच्या नाडीखाली नायटा उठला. दादांनी मेडिकलमधून ट्यूब आणून दिली. दोन दिवसांत खाज गेली. ट्यूब संपली, खाज परत; पुन्हा ट्यूब. असं करत पुढच्या पावसाळ्यापर्यंत नायटा कमरेवरून पोटावर आणि मांड्यांवर आला. लेक गणपतीला आली तेव्हा वहिनींनी तिला माजघरात नेऊन दाखवलं.

तिनं ब्लेडच्या बोथट कडेनं चट्ट्याच्या काठावरचा कोंडा कागदावर खरवडून घेतला, पुडी बांधून क्लिनिकमध्ये नेली, काचेवर पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितला. बुरशीचे धागे स्वच्छ दिसले. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल लिहिलेलं होतं, म्हणजे जोरकस स्टेरॉइड. 2018 साली केंद्र सरकारनं अशी 14 मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून. आमच्याकडं चिठ्ठी कोण विचारतो?

दादा म्हणाले, “खरं खाज थांबते की!”

लेक म्हणाली, “थांबते आप्पा. स्टेरॉइडनं अंगातल्या राखणदाराला झोपवल्यावर ओरडणार कोण? चोर आपला घरभर फिरतोय.”

ट्यूब बंद केल्यावर खाज आधी दुप्पट उसळली. तेव्हा दादांनी लेकीला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. ती ढिम्म हलली नाही. कित्येक आठवडे गोळ्या, बुरशीचं साधं मलम, कातडी नितळ दिसायला लागल्यावरही गोळ्या चालूच. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा, आतले कपडे शिवणीवर इस्त्री फिरवून. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. तिथं कळलं की दादांच्या जांघेतही तेच होतं. बिचारे गप्पच होते.

आता तुमच्या मुलीचं. पाटीवर एमडी किंवा तिच्याच तोडीची डीएनबी स्किन, निदान डीडीव्हीएल, म्हणजे याच विषयाचा डिप्लोमा, बघा, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. नुसतं ‘कॉस्मेटॉलॉजी’चं सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर चहा पिऊन परत या. चांगला डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, आजवर काय काय लावलंय? म्हणून घरातल्या सगळ्या अर्ध्या-मुर्ध्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. वांगावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन (हेही स्टेरॉइडच) एकत्र असलेली ट्यूब सर्रास खपते. ते डॉक्टरनं मोजके आठवडे द्यायचं औषध आहे, आपल्या बायका स्नोसारखी वर्षानुवर्षं लावतात. मग चेहरा लालबुंद, उन्हात आग, पुटकुळ्या, गालावर लव. गोरं करायच्या ग्लुटाथायोन इंजेक्शनचं नाव कुणी काढलं तर उठून या, त्या कामासाठी त्याला मान्यता नाही. लेक बहुतेकांना सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन एवढंच लिहून देते. पेशंट नाराज होतात, एवढीच चिठ्ठी? म्हणून.

आता हेही सांगतो, मी डॉक्टर नाही, लेकीचा बाप आहे, तेव्हा थोडं डावं-उजवं करून घ्या. गावातले एमबीबीएस सगळेच वाईट नसतात, घामोळ्यांसाठी कुणी बेळगाव गाठू नये. आणि एमडी झालेले सगळे धुतल्या तांदळासारखे, असंही नाही. लेझरचं मशीन घेतलं की त्याचे हप्तेही येतात. वांग हळूहळू फिके होतात, उन्हात गेलं की परत येतात, आणि त्याला महिना पुरत नाही. लग्नाच्या तोंडावर नवीन काही लावू नका, फेशियलसुद्धा.

वहिनींची कातडी आता साफ आहे. दादा म्हणतात, पाऊस संपला म्हणून गेलं.