पाण्यात उतरण्याआधी

नाशिक
चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. नडगीच्या हाडाला बारीक तडा, म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तू सावरकर जलतरण तलावाचा फॉर्म आणून ठेवलास! वर मला विचारतेस, "ताई, रोज दीड तास पोहले तर स्टॅमिना टिकेल ना?" मला हसू आलं आणि धसकाही बसला. पोहायला जरूर जा, डॉक्टरांनाही तसं सांगून ठेव. पण दीड तास नाही.

तुझ्याकडे दम आहे, तीच अडचण आहे. पोहायला नवीन आलेला माणूस दहा मिनिटांत धापा टाकत काठ धरतो आणि त्या धापांमुळेच त्याचे खांदे वाचतात. तुला धाप लागणार नाही. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर कमावलेली तुझी छाती म्हणेल, अजून दहा फेऱ्या मार. खांदे मात्र बालवाडीतले आहेत. ते त्या दिवशी तक्रार करणार नाहीत, दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर करशील तेव्हा करतील.

हे मला कसं कळलं? तुझ्याच वयाची असताना टाचेमागची शीर सुजली, पळणं बंद झालं. मी भावाची सायकल काढली आणि पहिल्याच रविवारी थेट त्र्यंबक गाठलं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. सीट खाली होती, ती वर करायची असते हे गावीही नव्हतं. दम भरपूर, मग काय! घरी आले तेव्हा गुडघ्याची वाटी ठणकत होती. टाच महिन्याभरात बरी झाली, पण त्या गुडघ्यानं मला अख्खा पावसाळा बसवून ठेवलं. आई म्हणायची, "एक पाय सोडवायला गेलीस आणि दुसरा अडकवून आलीस."

म्हणून पहिले दोन आठवडे वीस मिनिटं, एक दिवसाआड. त्यातही निम्मा वेळ पोहूच नकोस. छातीभर पाण्यात चाल. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास, आणि गळ्यापर्यंत गेलीस की जेमतेम दहावा हिस्सा. नडगीला इतकी स्वस्त सुट्टी जमिनीवर कुठे मिळणार? पुढे कमरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता, उभ्यानं पळण्याची हालचाल करता येते. तुझ्यासारख्या पळणारीला पोहण्यापेक्षा तेच जास्त उपयोगी. मात्र जीवरक्षकाला सांगितल्याशिवाय खोल बाजूला जायचं नाही. आणि घड्याळातले हृदयाचे ठोके पाहून जोर वाढवू नकोस. तेवढ्याच मेहनतीला पाण्यात ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की मेहनत पुरेशी झाली असं समज.

फेरी संपल्यावर भिंतीला लाथ मारून वळण्याची हौस सध्या नको. तो धक्का सरळ नडगीत जातो. बेडकासारखे पाय मारायचा प्रकारही राहू दे, त्यानं गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण पडतो. आणि तलावाकाठच्या ओल्या फरशीवर रबरी चप्पल घालूनच चाल. पाणी तुला काही करणार नाही, फरशी करेल. सध्या थंडी आहे, पहाटेची बॅच घेऊन शूरपणा दाखवू नकोस. दुपारची मिळाली तर बघ.

दुखण्याचा हिशोब असा ठेव. पाण्यात असताना नडगीच्या त्या एका बोटभर जागेवर दुखलं, की बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला काय वाटलं, ते वहीत लिही. संध्याकाळचं शरीर गरम असतं, खोटं बोलतं. खांद्याची जड वेदना एका दिवसात ओसरली तर ठीक, दोन दिवस राहिली तर पुढच्या वेळी फेऱ्या कमी.

आता जे तू विचारलं नाहीस ते. दिवाळीनंतर तू आठवड्याला वीस किलोमीटरवरून पन्नासच्या पुढे गेलीस, तेही पांडवलेण्याच्या पायऱ्या धरून. जोर वाढला की हाड आधी थोडं खरवडलं जातं आणि मग हळूहळू भरतं. भरायच्या आत तू पुन्हा खरवडत राहिलीस. धावपटू कविता राऊतचं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतलं दहा हजार मीटरचं कांस्य आपण सगळ्या सांगतो. पण तिच्या गावच्या, सावरपाड्याच्या डोंगरवाटांवर लहानपणापासून झालेली पायपीट त्याच्या मागे आहे, हे सांगायचं राहून जातं. तिची हाडं एका दिवाळीत घडलेली नाहीत.

आणि एक, स्पष्टच विचारते, लाजू नकोस. पाळी वेळेवर येते का? पळणाऱ्या मुली वजनाच्या नादात जेवण कमी करतात, पाळी लांबते, आणि तडा त्याच हाडाला जातो. तीन महिने चुकली असेल तर हाडांच्या डॉक्टरांनाही सांग आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जा. सकाळी नुसता चहा पिऊन निघायची सवय मोड. भाकरी, डाळ, दूध, मूठभर शेंगदाणे, एवढं तरी पोटात जाऊ दे. पाण्यातला व्यायामही भूक लावतो, ती मारू नकोस.

पळायला परत कधी, ते डॉक्टर सांगतील. तेव्हाही आधी अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही ना ते बघू, मग मिनिटभर पळणं, दोन मिनिटं चालणं. मी बरोबर असेन, घड्याळ माझ्याकडे राहील.

शनिवारी दुपारी तलावाच्या फाटकापाशी भेट. टोपी, चष्मा, चप्पल आण. पट्टा माझ्याकडे आहे, जुना आहे पण तरंगतो.

तुझी
ताई