"आई, हे ट्रेडिंग आहे"

"पत्त्यांना तो हात लावत नाही, अटलांटिक सिटीच्या कसिनोत कधी गेला नाही. फोनवर ट्रेडिंग करतो म्हणतो. मग मला झोप का लागत नाही?" न्यू जर्सीतल्या मराठी आया हल्ली मला असंच काहीसं विचारतात. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, तपशील बदलून.

मुलगा वीस वर्षांचा, कॉलेजात. इथे स्पोर्ट्स बेटिंगला 21 पूर्ण लागतात, प्रेडिक्शन मार्केटच्या, म्हणजे एखादी गोष्ट घडेल की नाही यावर "हो" किंवा "नाही" विकत घ्यायच्या, बऱ्याच अ‍ॅपवर 18 पुरतात. आम्ही राज्याच्या जुगार कायद्यात बसत नाही, वायदेबाजाराच्या केंद्रीय आयोगाखाली येतो, असं या कंपन्यांचं म्हणणं. राज्यांना ते मान्य नाही, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. त्यामुळे "मावशी, हे गॅम्बलिंग नाहीये, कॉन्ट्रॅक्ट आहे" हे त्याचं पहिलंच वाक्य अगदी निराधार नव्हतं. (इथली मुलं समुपदेशकालाही मावशी म्हणतात. मला ते चालतं.) मी वाद घातला नाही. त्या वादात हुशार मुलगा जिंकतो आणि आईबाबा गप्प बसतात. म्हटलं, कालची रात्र दाखव.

त्याने फोन पुढे केला. बास्केटबॉलची मॅच, एका पॉइंट गार्डचे (संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूचे) 8 किंवा जास्त असिस्ट, म्हणजे बास्केट होणारे पास. "हो"चा भाव 62 सेंट. खरं ठरलं तर प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमागे एक डॉलर, नाहीतर शून्य. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा सात झाले होते, भाव नव्वदच्या पुढे. मग कोपऱ्यातल्या खेळाडूला दोन सुरेख पास, आणि दोन्ही शॉट हुकले. असिस्ट पास देणाऱ्याच्या नावावर लागतो खरा, पण बास्केट दुसऱ्याने करावी लागते. तोवर संघ वीसहून जास्त गुणांनी पुढे गेला, कोचने त्याला बसवलं. संपलं.

"पण माझं लॉजिक बरोबर होतं!"

होतंच. मला मात्र त्याखालची नोंद दिसत होती. काही मिनिटांतच वेस्ट कोस्टची मॅच, दुप्पट रक्कम, आणि खेळाडू असा की ज्याची या सीझनमधली एकही मॅच त्याने पाहिली नव्हती. हरलेले भरून काढायला लगेच मोठी रक्कम लावणं, घरी आकडा लपवणं, उसने मागणं: मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या पुस्तिकेत जुगाराच्या विकाराची अशी नऊ लक्षणं दिली आहेत. बारा महिन्यांत चार दिसली तर निदान होतं. अ‍ॅप कुठल्या कायद्याखाली येतं, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. आम्ही यादी घेऊन बसलो तेव्हा त्याने स्वतःच पाचांवर खूण केली.

बास्केटबॉल कळतं याचा त्याला अभिमान, आणि तो खोटा नव्हता. पण समोर "नाही" घेणारा त्याच्यासारखा पोरगा असेलच असं नाही. या बाजारात मोठ्या ट्रेडिंग कंपन्याही उतरल्या आहेत. शिवाय 2024 मध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर आजीवन बंदी घातली, ती आठवण मी काढली. त्याच्या वैयक्तिक आकड्यांवर पैसे लागले होते आणि तो दुखण्याचं कारण सांगून मॅचमधून लवकर बाहेर पडला होता. "ते माहितीये," मुलगा म्हणाला. मग त्या रात्री तुझ्या लॉजिकचं काय झालं असतं, एवढंच मी विचारलं.

बाबांनी एकदा त्याचं क्रेडिट कार्डाचं बिल गुपचूप भरलं होतं. त्याच आठवड्यात अ‍ॅपवर नवे पैसे गेले. पालकांना मी हेच आधी सांगते: बिल भरू नका, आधी बँकेचं स्टेटमेंट एकत्र बसून बघा. अ‍ॅपमधला नफा-तोटा नको, खात्यातून गेले किती आणि आले किती ते बघा. उधारी तो उन्हाळ्याच्या नोकरीतून फेडतोय. राज्याच्या स्वयंबंदी यादीत नाव घातलं की परवानाधारक बेटिंग बंद होतं, पण हे ट्रेडिंगचं अ‍ॅप त्याने बंद होत नाही. तिथे वेगळं बंद करून घ्यावं लागतं. रात्री-अपरात्री बोलायला 1-800-426-2537 ही हेल्पलाइन आहे.

आईने निघताना विचारलं, मॅच तरी बघू देऊ का? म्हटलं, बघू दे, हॉलमध्ये बाबांबरोबर, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. प्लेऑफमध्ये एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी आईला त्याने स्वतःहून सांगितलं, आकड्यासकट.