गोळी चहासोबत?

प्रश्न : वय ४१, खानापूर तालुका. वर्षभरात ७ किलो वजन वाढलं, केस गळतात, जून-जुलैत तर दोन घोंगड्या घेऊनही थंडी जात नाही. थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढून १८ होता. सहा महिने थायरॉइडची गोळी घेऊनही ११ आहे. पहाटे म्हशींची धार काढायला उठते, तेव्हा चहासोबतच गोळी घेते. सासूबाई म्हणतात, कोबी सोड, सैंधव खा.

उत्तर : ताई, घोळ त्या चहाच्या कपात आहे! चहा-दुधासोबत औषध नीट शोषलं जात नाही. उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्या, मग धार काढा. चहा तासाभरानं. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं.

‘टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड जास्त झालं’ असं माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ जणी म्हणतात. उलटं आहे. टीएसएच ही मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीची हाक. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक कमी बनवू लागली की हाक मोठी होते. थायरॉक्सिन कमी म्हणजे शरीराची चूल मंद : थंडी, मलावरोध, सुस्ती. बहुतेकदा आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये हे दुखणं नोंदवलं.

शिजवलेला कोबी खुशाल खा. मीठ मात्र आयोडीनयुक्तच. सैंधवात आयोडीन पुरेसं नसतं. (सासूबाईंना माझं नाव सांगा.) आणि सगळे ७ किलो थायरॉइडच्या माथी मारू नका, थोडे आपलेही असतात.

सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा, डोस त्यानंतर तुमचे डॉक्टर ठरवतील.