मॅकवर स्क्रीनशॉट डेस्कटॉपऐवजी दुसऱ्या फोल्डरमध्ये कसे जातील? आणि फाइलच्या नावापुढे एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारा .png, .jpg असा शेवटचा भाग) का दिसत नाही?

दोन्ही गोष्टी टर्मिनल (कमांड टाइप करायचं अ‍ॅप) न उघडता होतात.

आधी डॉक्युमेंट्समध्ये 'स्क्रीनशॉट' नावाचा फोल्डर करून ठेवा. मग कमांड + शिफ्ट + ५ दाबा. खाली जी पट्टी येते तिच्यात 'ऑप्शन्स'वर क्लिक करा, 'सेव्ह टू'खाली 'अदर लोकेशन' निवडा आणि तो फोल्डर दाखवा. ही पट्टी २०१८च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून आहे, त्यामुळे बहुतेक मॅकवर सापडेलच. याच मेनूत 'शो फ्लोटिंग थंबनेल' आहे, ते मी तुम्हाला बंद करायला सांगेन. ते चालू असताना कोपऱ्यातलं छोटं चित्र नाहीसं होईपर्यंत फाइल फोल्डरमध्ये येत नाही, आणि लागोपाठ दहा-बारा शॉट घ्यायचे असले की फार खोळंबा होतो.

फक्त कुठे तरी पेस्ट करायचं असेल तर कमांड + शिफ्ट + ४ बरोबर कंट्रोलही दाबून ठेवा. फाइल तयारच होत नाही, चित्र थेट क्लिपबोर्डवर जातं. डेस्कटॉपवरचा पसारा यानेच सगळ्यात जास्त कमी होतो.

एक्स्टेन्शनसाठी फाइंडर उघडा, सेटिंग्जमध्ये (जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेस) 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जा आणि 'शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. हे जरूर करा. पीएनजी आणि जेपीजी नावावरूनच ओळखता येतात.

आधीचे शॉट मात्र आपोआप हलणार नाहीत, ते स्वतः उचलून नव्या फोल्डरमध्ये टाका.