डोळे मिटून आंबा आठवला तर नुसता अंधार दिसतो. मला कल्पनाशक्तीच नाही का?

माझंही असंच आहे, आणि पस्तिशी उलटेपर्यंत मला त्याचा पत्ताच नव्हता. ‘डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं’ हा मी निव्वळ वाक्प्रचार समजत होतो, पोटात कावळे ओरडतात तसला. एकदा भिंतीचा रंग ठरवताना बायको डोळे मिटून म्हणाली, “नको, पिवळा फार भडक दिसतोय.” दिसतोय? कुठे? त्या रात्री बारापर्यंत आमची उलटतपासणी चालली होती.

याला अफँटेसिया म्हणतात. नाव २०१५ चं, एक्सेटर विद्यापीठातले न्यूरोलॉजिस्ट अ‍ॅडम झेमन यांनी दिलेलं. गोष्ट मात्र जुनी आहे. १८८० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवायला लावलं, तेव्हा कित्येक शास्त्रज्ञांनी ‘मनात दिसणं म्हणजे काय बुवा?’ असाच सूर लावला.

आपण उगाच सांगतोय असं कुणी म्हणालं तर त्याला डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रयोग सांगा. सिडनीचे मेंदूशास्त्रज्ञ जोएल पिअर्सन यांच्या गटाने तो केला. उजळ आकार नुसता मनात आणला तरी बहुतेकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात. आपल्यासारख्यांच्या तशा आक्रसत नाहीत. खरा उजेड पडला की मात्र व्यवस्थित आक्रसतात.

आता कल्पनाशक्तीचं. माझं आजोळ कोकणात. पायऱ्या पाच, तिसरी फुटकी, डावीकडे न्हाणीघर, माजघरातून मागच्या दारी. चित्र शून्य, तरी लाइट गेल्यावर घरात वावरावं तसा मी त्या घरात आत्ताही फिरू शकतो. ‘वस्तू कशी दिसते’ आणि ‘ती कुठे आहे’ ही कामं मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाटांनी करतो. एका अभ्यासात अफँटेसिया असलेल्यांना पाहिलेल्या खोल्यांची चित्रं आठवून काढायला सांगितली. त्यांनी वस्तू कमी काढल्या, पण जागा बरोबर दाखवल्या. आणि खोलीत नसलेल्या वस्तू घुसडण्याची चूक इतरांपेक्षा कमी केली. (बायकोला हे मी दोनदा वाचून दाखवलं.) अ‍ॅनिमेशनपट काढणाऱ्या पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल हेही आपल्यातलेच.

फक्त एक विचारतो, हे पहिल्यापासून आहे ना? आधी चित्रं दिसत होती आणि अचानक बंद झाली असतील, तर न्यूरोलॉजिस्टला जरूर दाखवा. झेमन यांचं कुतूहल जागं झालं ते अशाच एका रुग्णामुळे. अँजिओप्लास्टीनंतर त्याची चित्रं गेली होती.

आणि स्वप्नं पडतात का तुम्हाला? मला पडतात, चक्क रंगीत.